मुठीतला जोर : जपानी तलवारविद्येतील पकडीचे विवेचन

जपानी तलवारविद्येच्या शाखा अनेक आणि प्रत्येकीचे सरावाचे हत्यार वेगळे. केंदोत बांबूच्या चार पट्ट्या बांधून केलेली शिनाई असते, जुन्या घराण्यांत ओकच्या लाकडाची बोक्केन, इआइदोत, म्हणजे म्यानातून तलवार उपसण्याच्या विद्येत, बहुधा जस्त-अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची बिनधारेची इआइतो. नवशिक्याला सांगितली जाणारी पहिली दुरुस्ती मात्र सगळीकडे सारखीच. उजव्या हातातला जोर काढा. करंगळी सैल सोडू नका. तर्जनीने मूठ आवळू नका. दहा-पंधरा वर्षे सराव झाल्यावरही यातून सुटका नसते. तेव्हा शिक्षक बोलत नाही, नुसता हाताकडे बघतो.

हाताच्या या साऱ्या व्यवहाराला ‘ते-नो-उची’ असे नाव आहे. पकड कशी, बोटाबोटांत दाब किती, तो केव्हा वाढवायचा आणि केव्हा सोडायचा, दोन हातांनी कामे कशी वाटून घ्यायची, एवढे सगळे त्यात येते. पुस्तकांतून ते-नो-उचीचे एक चित्र छापलेले असते : मूठ धरलेले दोन हात, शेजारी बाण. त्या चित्रामुळे शिकणाऱ्याचा समज होतो की हात एकदा योग्य जागी बसवला की काम झाले. ते-नो-उचीचा मोठा भाग चित्रात येऊच शकत नाही, कारण तो वेळेचा भाग आहे. वार सुरू होण्याआधी हात कसा, वार चालू असताना कसा, लागण्याच्या अलीकडे कसा आणि लागल्यावर कसा, या चार अवस्था वेगळ्या आहेत. चित्र त्यांतली पहिलीच दाखवते.

मूठ काय सांगते

पकडीचे निम्मे नियम मुठीच्या घडणीनेच घालून दिले आहेत, म्हणून सुरुवात तिथून करू. काताना म्हणजे दोन शाकूंहून, म्हणजे सुमारे ६०.६ सेंमीहून लांब पात्याची तलवार. तिचे वजन साधारण एक ते सव्वा किलो. मूठ, म्हणजे त्सुका, सुमारे २५ सेंमी लांब. मॅग्नोलियाच्या कुळातल्या ‘हो’ नावाच्या झाडाचे लाकूड कोरून तिच्या दोन फाका करतात. त्यांच्यामध्ये पात्याचे शेपूट बसते, आणि ते जागेवर राहावे म्हणून आरपार एक बांबूची खुंटी ठोकलेली असते. तिला मेकुगी म्हणतात. लाकडावर पाकटाचे खरखरीत कातडे चढवतात आणि त्यावर रेशमी किंवा सुती फीत आडवीतिडवी आवळून गुंडाळतात. फितीच्या विणीतून मधेमधे कातड्याचे छोटे चौकोन दिसत राहतात. हा सगळा खटाटोप हात घसरू नये म्हणून. घामेजल्या हातालाही ही मूठ धरून ठेवते, त्यामुळे निव्वळ घसरण्याच्या भीतीने ती आवळायचे कारण उरत नाही.

दुसरी गोष्ट छेदाची. त्सुकाचा आडवा छेद लंबगोल असतो आणि त्याचा लांब व्यास धार आणि पाठ यांच्या रेषेत येतो. अंधारात मूठ हाती आली तरी धार कोणत्या दिशेला आहे हे तळव्याला कळते. धारेची दिशा आणि वाराची दिशा एका रेषेत असणे याला ‘हासुजी’ म्हणतात. जपानी तलवारीचे सगळे कापणे हासुजीवर अवलंबून आहे, आणि हासुजीची पहिली खबर तळव्याला मिळते, डोळ्यांना नव्हे.

इथे मराठी वाचकाला दांडपट्टा आठवेल, आणि आठवावाच. पट्ट्याच्या मुठीवर कोपराच्या दिशेने जाणारे पोलादी आवरण असते आणि आतला आडवा दांडा मुठीत धरायचा असतो. त्यात मनगट जवळजवळ बंद होते. पाते हे कोपरापासूनच्या हाताचेच लांबवलेले टोक बनते आणि जोर खांद्या-कमरेतून येतो. आपल्याकडच्या नेहमीच्या तलवारीच्या मुठीला खाली चकती असते, तीही मनगटाला मर्यादा घालते. या मुठी हाताचे काही काम स्वतःवर घेतात. कातानाच्या मुठीने असे काहीही स्वतःवर घेतलेले नाही. पुढे त्सुबा नावाची चकती, मागे टोपण, आणि मधे सरळ दांडा. हाताला अडवणारे काही नाही, म्हणून हाताला शिकावे लागते. मर्दानी खेळात तयार झालेला कोणी केंदोकडे वळला तर त्याला ताकद कमी पडणार नाही. मनगट मोकळे सोडायला मात्र त्याला वेळ लागेल.

ओवारीच्या याग्यू घराण्याशी निगडित अशी तलवारीची एक खास सजावट आहे, याग्यू-कोशिराए. एरवीच्या तलवारींत फितीखाली दोन बाजूंना जी धातूची छोटी नक्षीकामे बसवलेली असतात, ती या प्रकारात उलट जागी, तळव्यांत येतील अशी बसवतात. शोभेच्या वस्तूची जागा हाताच्या सोयीने बदलावी यावरून त्या लोकांनी तळव्याचा विचार किती बारकाईने केला होता ते कळते.

शिनाईची गोष्ट निराळी. तिची मूठ गोल असते, चामड्याच्या नळीत घातलेली. पाठ कोणती हे ओळखायला वर ताणलेली एक दोरी असते, एवढेच. प्रौढ पुरुषांच्या शिनाईची कमाल लांबी १२० सेंमी आणि किमान वजन ५१० ग्रॅम; स्त्रियांसाठी ४४० ग्रॅम. म्हणजे खऱ्या तलवारीच्या निम्म्याच्या आसपास. गोल मूठ चूक लपवते आणि हलके वजन ती चूक खपवून घेते. शिनाई हातात पाच-दहा अंशांनी फिरली तरी आवाज तोच येतो. केंदोच्या नियमांत वैध फटक्यासाठी योग्य हासुजीची अट आहे, पंचही ती पाहतात. पण चुकीची शिक्षा हत्याराकडून त्याच क्षणी मिळत नाही, हा केंदोतल्या ते-नो-उचीपुढचा सर्वांत मोठा अडथळा आहे. त्यासाठीच केंदो शिकणाऱ्याने बोक्केन अधूनमधून हाती घेत राहावे. तिची मूठ लंबगोल असते.

बोटे

डावा हात मुठीच्या टोकाशी, उजवा त्सुबाच्या मागे. शाखेनुसार तिला जवळजवळ टेकून किंवा बोटभर अंतर ठेवून. दोन्ही हात बाजूने न धरता वरून येतात. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी पात्याच्या पाठीच्या रेषेत असावी. हात बाजूने आला, म्हणजे हातोडी धरतो तसा, तर कोपर बाहेर जाते आणि मनगट खाली वळायला जागाच राहत नाही.

दाबाची वाटणी अशी : करंगळी आणि अनामिका घट्ट, मधले बोट बेताचे, तर्जनी आणि अंगठा नुसते टेकलेले. तलवारबाज मियामोतो मुसाशीने १६४३ ते १६४५ या काळात लिहिलेल्या ‘गोरिन नो शो’ या ग्रंथाच्या जल-खंडात जवळपास हेच सांगितले आहे. त्याची पद्धत दोन तलवारींची, म्हणजे प्रत्येक हात एकटा. तरीही बोटांचा हिशेब तोच निघतो. याचा अर्थ हा नियम दोन हातांच्या तरफेतून आलेला नाही. तो हाताच्या हाडांतूनच आला असला पाहिजे.

हाडे तशी साक्ष देतात. तळहातात पाच लांब हाडे असतात. तर्जनी आणि मधले बोट यांची हाडे मनगटाशी जवळजवळ पक्की जोडलेली असतात. अनामिकेचे हाड थोडे हलते, करंगळीचे त्याहून जास्त. मूठ आवळताना तळव्याची करंगळीकडची बाजू आत दुमडते ती यामुळे. आपला हात समोर धरून मूठ हळूहळू मिटली की ही हालचाल डोळ्यांना दिसते : शेवटच्या दोन बोटांखालची गाठ खाली आणि आत जाते, तर्जनीखालची जागची हलत नाही. इंग्लंडमधले शरीररचनाशास्त्रज्ञ जॉन नेपियर यांनी १९५६ मध्ये हाताच्या पकडींचे दोन मूळ प्रकार मांडले, बळाची पकड आणि नेमकेपणाची पकड. बळाच्या पकडीत वस्तू वाकलेली बोटे आणि तळवा यांच्यात धरली जाते. नेमकेपणाच्या पकडीत अंगठा आणि बोटांची टोके पुढे येतात, लेखणी धरतो तशी. ते-नो-उचीचे वैशिष्ट्य असे की एकाच हाताच्या दोन बाजूंना ही दोन कामे वाटून दिलेली आहेत. करंगळीकडची बाजू बळ धरते, तर्जनीकडची बाजू दिशा राखते.

नवशिक्या नेमके याच्या उलट करतो, आणि तसे करणे स्वाभाविक आहे. लेखणी, चमचा, किल्ली, मोबाइल यांचे काम आयुष्यभर अंगठा आणि तर्जनीनेच केलेले असते. मन लावून काही धरायचे म्हटले की तीच दोन बोटे पुढे धावतात. त्याचा परिणाम घरबसल्या पाहता येतो. एखादी मिटलेली लांब छत्री एका हातात धरा. आधी अंगठा-तर्जनीने ती गच्च आवळून बाकीची बोटे ढिली ठेवा आणि टोक वरखाली करून पाहा. कोपरापुढच्या स्नायूंचा वरचा भाग ताठ होतो, मनगट अडखळते, आणि थोड्या वेळाने खांदाही वर उचलला जातो. आता तर्जनी सोडून द्या, शेवटच्या दोन बोटांनी छत्री तळव्यात ओढून धरा आणि तीच हालचाल करा. टोक मोकळे फिरू लागते. अनामिका-करंगळी मिटली की छत्रीचा मागचा भाग मनगटाकडे ओढला जातो आणि तर्जनीपाशी तिचा टेकू होऊन टोक पुढे फेकले जाते. तलवारीच्या टोकाला वेग येतो तो याच रीतीने. हात पुढे ढकलण्याचा भाग त्यात थोडा.

दोन हातांच्या वाटणीबद्दल शिक्षक अनेकदा ‘डावा सात, उजवा तीन’ असे प्रमाण सांगतात. हे प्रमाण कोणी मोजलेले नसते आणि हाताला ते मोजताही येत नाही. उजव्याची दांडगाई आवरायचा तो एक उपाय आहे, आणि तसाच तो घ्यावा. क्रिकेट खेळलेल्याला वेगळे समजावण्याची गरज नाही : सरळ ड्राइव्ह मारताना खालच्या हाताने जोर केला की बॅटचे तोंड वळते आणि चेंडू भलतीकडे जातो. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाचे दोन हात बॅटवर ज्या क्रमाने असतात त्याच क्रमाने ते तलवारीवर असतात, डावा टोकाला आणि उजवा पात्याजवळ. रोगही एकच. समोर तलवार रोखून उभे राहण्याच्या चुदान स्थितीत डावी मूठ बेंबीसमोर, शरीरापासून मूठभर अंतरावर असते आणि सबंध वारात ती शरीराच्या मध्यरेषेवरून ढळू नये असा दंडक आहे. डावा मध्यरेषेवर राहिला तर उजव्याच्या हातून होणाऱ्या चुकांना मर्यादा पडते.

पिळण्याचा वाद

तळव्यांच्या कामाचे वर्णन करताना जपानी शिक्षक परंपरेने चहाच्या समारंभातले ओले फडके पिळण्याचा दाखला देतात. ‘चाकिन-शिबोरी’ असा शब्दच रूढ आहे. या दाखल्याने जितके शिकवले तितकेच बिघडवलेही आहे, असे माझे मत आहे.

त्याचे दोन अर्थ लावले जातात. पहिला असा की वार लागण्याच्या क्षणी दोन्ही मनगटे आतल्या बाजूला जोराने पिळायची. दुसरा असा की मनगटे आधीपासूनच आत वळलेली, बेचक्या पाठीच्या रेषेत असलेली अशी ठेवायची, आणि त्या क्षणी फक्त शेवटच्या दोन बोटांनी दाब द्यायचा. चहाचे ते फडके छोटे आणि नाजूक असते. ते दोन्ही हातांनी हळुवार दाबून पिळतात, धुणे पिळतात तसे नव्हे. हे लक्षात घेतले तर दुसरा अर्थच मूळ दाखल्याशी जुळतो.

यांत्रिकदृष्ट्याही पहिला अर्थ टिकत नाही. दोन हात विरुद्ध दिशांनी दांडा पिळू लागले तर दोघांचा पीळ तंतोतंत सारखा असला तरच पाते स्थिर राहील. उजव्याचा पीळ जरा जास्त झाला की पाते स्वतःच्या लांबीभोवती फिरते, धार वाराच्या रेषेतून बाहेर जाते. आणि उजव्याचा पीळ नेहमीच जास्त होतो. शिनाईवर हे कळत नाही. पण भिजवून गुंडाळलेल्या चटईवर खरी तलवार चालवण्याच्या सरावात, म्हणजे तामेशिगिरीत, ते लगेच उघडे पडते. कापलेला पृष्ठभाग सपाट न येता पळीसारखा खोलगट येतो, किंवा पाते मध्येच अडकते, आणि चूक मोठी असेल तर पाते वाकते. तिथे कोणाला काही सांगावे लागत नाही. चटईचा तुकडा उचलून पाहिला की पुरे. त्यात मुठीच्या आत सगळे पाते एका बांबूच्या खुंटीवर अडकलेले असते, हेही विसरू नये. दर वाराला मूठ पिळणारा माणूस त्या खुंटीच्या भोकावर ताण घालत असतो.

पहिला अर्थ तरी इतका का पसरला? त्याचे कारण असे दिसते की पिळणे शिकवायला आणि तपासायला सोपे आहे. शिक्षकाला ते वीस जणांच्या रांगेतही दुरून दिसते. करंगळीचा दाब दिसत नाही.

वेळेचा हिशेब

ते-नो-उचीबद्दलचे सर्वांत चुकीचे वाक्य आहे, ‘लागला की आवळा.’ सांगणाऱ्याला जे सुचवायचे असते ते बरोबर असते, पण ऐकणाऱ्याने ते शब्दशः घेतले तर तो कायम उशिरा आवळेल.

शिनाई मुखवट्यावर आपटून उसळते तेव्हा दोहोंचा स्पर्श सेकंदाच्या काही सहस्रांशांपुरताच असतो. उलट, बोटांतून वस्तू निसटू लागली की पकड आपोआप घट्ट होते त्या प्रतिक्षिप्त क्रियेलाही सुमारे ७० सहस्रांश सेकंद लागतात. जाणीवपूर्वक प्रतिक्रियेला त्याच्या दुपटीहून अधिक. मग आघात जाणवल्यावर मूठ आवळणारा हात कशावर आवळतो? तोवर शिनाई उसळून परत येऊ लागलेली असते. म्हणजे आवळण्याची आज्ञा आघाताच्या बरीच आधी, अंतराचा अंदाज घेऊनच निघाली पाहिजे.

मेंदूला हे मुळीच नवे नाही. स्वीडनमधल्या उमिओ येथे रोलँड योहान्सन आणि योरान वेस्टलिंग यांनी १९८४ मध्ये बोटांनी वस्तू उचलण्याचे जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत दिसले की वस्तूचा भार वाढू लागतो त्याच वेळी बोटांचा दाबही वाढत जातो, भार जाणवण्याची वाट पाहत नाही. आणि तो निसटण्याच्या सीमेहून थोडासाच जास्त असतो. माणसाचा हात सवयीच्या वस्तूबाबत असा काटकसरी असतो. अनोळखी वस्तू हाती आली की मात्र तो सावध होतो आणि गरजेपेक्षा किती तरी जास्त आवळतो. नवशिक्याच्या हातातली तलवार ही अशी अनोळखी वस्तू आहे. त्याला ‘सैल धर’ असे शंभरदा सांगून हात सैल होत नाही. ओळख वाढली की आपोआप होतो.

यातून आणखी एक गैरसमज दूर होतो. आघाताच्या क्षणी घट्ट आवळल्याने फटक्याचा जोर वाढतो, असे अनेक जण मानतात. बेसबॉलच्या बॅटवर झालेल्या अभ्यासांतून निघाले आहे की चेंडू बॅटच्या पुढच्या भागाला लागतो तेव्हा मागे पकड किती घट्ट आहे याचा चेंडूच्या वेगावर फारसा परिणाम होत नाही. धक्क्याची लाट मुठीपर्यंत जाऊन परत येण्याआधीच चेंडू निघून गेलेला असतो. शिनाईचा फटकाही टोकाजवळच्या भागाने आणि तितक्याच थोड्या वेळात बसतो, तेव्हा तिथे काही निराळे घडत असेल असे मानायला आधार नाही. मग आवळायचे कशासाठी? तीन कामांसाठी. आघाताच्या आधी टोकाला वेग देण्यासाठी, धार रेषेत धरून ठेवण्यासाठी, आणि नंतर हत्यार थांबवून पुन्हा ताब्यात घेण्यासाठी. खऱ्या तलवारीने कापताना पाते वस्तूच्या आतून जात असते, तेव्हा दुसरे काम सर्वांत महत्त्वाचे. केंदोत तिसरे, कारण पुढचा फटका त्यावर ठरतो. इआइदोत समोर काही लागतच नाही. उभा वार हवेत करून कमरेच्या उंचीवर तलवार थांबवायची असते, आणि ती थांबते ती दोन्ही हातांच्या शेवटच्या दोन बोटांनी. खांद्याने थांबवू पाहणाऱ्याचे टोक थरथरते. शिक्षक नेहमी टोकाकडे बघतात ते यासाठी.

आवळणे जसे वेळेवर, तसे सोडणेही. हे कमी शिकवले जाते. आवळलेला हात तसाच राहिला तर पुढचा वार निघत नाही. मुसाशीने अशा अडकलेल्या हाताला मेलेला हात मानले आहे. उलटी चूक तलवार डोक्यावर नेताना होते. तिथे डाव्या हाताची करंगळी नकळत उघडते, टोक पाठीमागे लोंबते, आणि वार निघण्याआधी मूठ पुन्हा पकडावी लागते. समोरच्याला एवढा अवधी पुष्कळ झाला.

म्यानाजवळचा हात

इआइदोत आणि तिच्यासारख्याच बात्तोजुत्सूत डाव्या हाताला आणखी एक काम आहे, म्यान सांभाळण्याचे. तलवार म्यानाच्या तोंडाशी, कोइगुचीशी, घट्ट बसलेली असते. डाव्या अंगठ्याने त्सुबाला पुढे रेटून ती सोडवावी लागते. अंगठा धारेच्या नेमक्या रेषेत ठेवायचा नाही, किंचित बाजूला ठेवायचा. उजवा हात मुठीवर येतो तेव्हा पकड नसतेच म्हटले तरी चालेल, बोटे नुसती विसावतात. पाते बाहेर येत असताना डावा हात म्यान मागे ओढतो, आणि टोक म्यानाच्या तोंडातून सुटते त्या क्षणी उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी मिटतात. मागे सांगितलेलीच क्रिया, फक्त आता एकाच हाताने आणि आडव्या रेषेत. अखिल जपान केंदो महासंघाच्या १२ इआइ-प्रकारांतील पहिल्या ‘माए’मध्ये समोर बसलेल्याच्या कानशिलावर हा आडवा वार जातो. मूठ आधीच आवळलेली असेल तर टोक मिटण्यातून मिळणाऱ्या वेगाला मुकते आणि वार हाताने ढकलल्यासारखा जातो.

तलवार परत म्यानात घालताना डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी कोइगुचीवर येतात आणि पात्याची पाठ त्यांच्यामधल्या बेचकीवरून सरकते. धारेच्या तलवारीने सराव करणाऱ्यांच्या हातावर जुने व्रण असतात ते बहुधा इथेच. घाई आणि आवळलेला उजवा हात, ही दोनच कारणे.

शिकण्याचा क्रम

एवढ्या विवेचनावरून क्रम काय ठरतो? हवेतल्या सुबुरीने, म्हणजे नुसते वार घोटण्याने, अर्धेच शिक्षण होते. ती हळू करावी; वेगाने केलेल्या शेकडो सुबुरींत हात आपल्या जुन्या सवयीकडे वळतो आणि तीच पक्की होते. डाव्या एकट्या हाताने केलेली सुबुरी उत्तम, कारण तिथे उजव्याला ढवळाढवळ करता येत नाही. पण हवेला प्रतिकार नसतो, म्हणून वेळेचा हिशेब हवेत शिकता येत नाही. त्याला लक्ष्य लागते. केंदोत किरिकाएशी हा डोक्याच्या डाव्या-उजव्या बाजूंवर आलटून पालटून फटके मारण्याचा सराव सर्वांना रोज करावा लागतो तो यासाठी. सात्सुमा प्रांतातल्या जिगेन-र्यू घराण्याने तर जमिनीत उभा पुरलेला खांब झोडपणे हाच शिक्षणाचा गाभा मानला. सकाळी तीन हजार आणि संध्याकाळी आठ हजार फटके, असा त्यांचा लौकिक सांगतात. आकडे बाजूला ठेवले तरी विचार पक्का आहे. ज्याच्या हाताला आघाताची ओळख नाही तो आघाताच्या आधी आवळायला शिकणार कसा?

शिक्षक जवळ नसताना हाताची परीक्षा काही खुणांवरून करता येते. डाव्या तळव्यावर अनामिका आणि करंगळीच्या बुडाशी फोड आले किंवा घट्टे पडले तर ठीक. उजव्या हाताच्या अंगठा-तर्जनीच्या बेचकीत फोड आले तर तिथे नको तेवढा जोर आहे. केंदोचे हातमोजे, कोते, काही महिन्यांनी उलटे करून पाहावेत. उजव्याच्या तळव्याचे चामडे डाव्याच्या आधी फाटत असेल तर निदान झाले. इआइतोच्या पात्यावर खोबण असेल तर सरळ रेषेतल्या वाराला स्वच्छ सूं असा आवाज येतो. मात्र आवाजाच्या मागे लागू नये. तो वाराच्या सुरुवातीलाच आला आणि शेवटी विरला, तर हात वर असतानाच सगळा जोर खर्च झाला असे समजावे.

शेवटी खरेदीची एक गोष्ट, जी बहुतेक जण उशिरा लक्षात घेतात. बाजारात मिळणाऱ्या शिनाईची मूठ तुमच्या हातासाठी केलेली नसते आणि ठेंगण्या माणसाला ती सहसा लांब पडते. मूठ लांब असली की दोन हातांतले अंतर वाढते, डावा मध्यरेषेपासून ढळतो आणि वर सांगितलेले सारे प्रयत्न वाया जातात. मुठीचे टोक कोपराच्या आतल्या घडीला टेकवून त्याच हाताने मूठ धरावी. तुमची मूठ त्सुबाच्या जागेच्या अगदी मागे बसली तर लांबी बरोबर. जास्त असेल तर चामड्याची नळी आणि मागचे बांबू कापून लहान करता येतात. शिनाईची एकूण लांबी तेवढी कमी होते, आणि लांबीबाबत नियमांनी फक्त कमाल मर्यादा ठरवली आहे.